शेतावरची कोंबडी, मटण आणि धान्य: घरी शिजवताना काय वेगळं करायचं

शेतावरून थेट घरी आलेलं मांस नेहमीच्या वेळेत शिजत नाही, आणि यात त्या मांसाचा दोष नसतो. पोल्ट्रीतली कोंबडी पाच ते सात आठवड्यांत विक्रीला येते. मोकळी फिरणारी कोंबडी चार-पाच महिन्यांची असते, अंडी देऊन थकलेली असली तर दोन-तीन वर्षांची. तिने पायांनी माती उकरलेली असते, त्यामुळे मांडीचं मांस गडद, घट्ट आणि तंतूंच्या भोवती चिवट पापुद्रे असलेलं होतं. चव तिथेच असते, पण ती बाहेर यायला वेळ लागतो. म्हणून घेतानाच तीन गोष्टी विचाराव्यात: जनावराचं वय किती, कापलं कधी, आणि कापल्यापासून थंड ठेवलंय का.

आधी मुरू द्या

बहुतेकांची चूक इथेच होते. ताजं म्हणून आणलं की लगेच चुलीवर. कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात आणि तशाच अवस्थेत शिजवलं तर कितीही उकळा, घास रबरासारखा लागतो. कोंबडी फ्रीजमध्ये 4 अंशांच्या खाली एक दिवस ठेवा, मटण दोन ते तीन दिवस. तेवढ्यात आखडलेले स्नायू पुन्हा सैल होतात. कोंबडीची तंगडी धरून हलवून पाहा: सांधा दांड्यासारखा ताठ असेल तर थांबा, सहज हलला तर ती तयार आहे. भांडं सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे रक्ताचं पाणी दुसऱ्या कशावर टपकणार नाही.

साठवायचं असेल तरी आधी हे मुरणं होऊ द्या, मग फ्रीजरमध्ये टाका. अंगची ऊब न गेलेलं मटण थेट फ्रीजरमध्ये घातलं की स्नायू गारठ्याने आक्रसतात आणि ते नंतर सहसा सुटत नाहीत. खिमा, कलेजी आणि इतर आतले भाग मात्र मुरवायचे नाहीत. ते त्याच दिवशी शिजवावेत, फार तर दुसऱ्या.

साफ करणं आणि तुकडे

नळाखाली कोंबडी धुऊ नका. उडणाऱ्या थेंबांबरोबर जंतू ओट्यावर, भांड्यांवर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर जातात. धुऊन ते कमी होत नाहीत, शिजवूनच मरतात. माती किंवा पिसं चिकटली असतील तर ओल्या कागदाने पुसा. पिसांचे खुंट राहिलेले दिसतात, ते चिमट्याने ओढा आणि बारीक केस गॅसच्या ज्योतीवरून झरकन फिरवून जाळा. कलेजीला हिरवी पित्ताची पिशवी लागलेली असेल तर ती न फोडता भोवतीच्या मांसासकट कापून टाका. पित्त सांडून हिरवा डाग पडलेला भाग धुऊन गोड होत नाही, तोही टाकावा.

तुकडे सांध्यातून करा. मांडी बाहेर वाकवली की सांधा कट्कन सुटतो, त्या फटीत सुरी घातली की हाड तोडावं लागत नाही. वयस्क कोंबडीचं हाड कोयत्याने फोडलं तर किरच्या उडतात आणि रश्श्यात दाताखाली येतात. पाठ, मान, पंखांची टोकं आणि पाय बाजूला ठेवा, त्यांचं सूप करायचंय.

कोंबडी शिजवताना

दीड किलो कोंबडीला तीन सपाट चमचे बारीक मीठ, म्हणजे साधारण 15 ते 18 ग्रॅम, आदल्या रात्रीच चोळून ठेवा. रात्रभरात मीठ आतपर्यंत पोहोचतं आणि शिजताना मांस पाणी धरून ठेवतं. लिंबू किंवा व्हिनेगर मात्र रात्रभर नको. आंबट वरच्यावरच काम करतं: बाहेरचा थर भुसभुशीत होतो, आतला तसाच राहतो. शेवटचा तासभर पुरे.

जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या तेलात तुकडे थोडे थोडे परता. सगळे एकदम टाकले की पाणी सुटतं आणि परतण्याऐवजी ते उकडतात. सगळ्या बाजूंनी तांबूस झाले की मसाला घाला आणि तुकडे जेमतेम बुडतील एवढं कढत पाणी ओता. पहिली उकळी आली की आच अगदी बारीक करा. दोन-तीन सेकंदांनी एखादा बुडबुडा वर यायला हवा, खळखळ नको.

असं का, हे समजून घेतलं तर पुढे कुठलंही चिवट मांस हाताळता येईल. साधारण 60 ते 65 अंशांच्या पुढे मांसाचे तंतू आक्रसून पाणी बाहेर टाकतात. तंतूंना बांधणारा पापुद्रा मात्र 70 अंशांच्या पुढे, आणि तोही तासन्‌तास, हळूहळू विरघळून चिकट, मऊ रस होतो. म्हणून तासाभराने चाखलं तर मांस पहिल्यापेक्षाही कडक लागतं. इथे घाबरून आच वाढवतात आणि सगळं बिघडतं. त्याला उष्णता नाही, वेळ हवा असतो. चार-पाच महिन्यांच्या कोंबडीला सव्वा ते दीड तास लागतो, म्हातारीला अडीच ते तीन. छातीच्या मांसात असे पापुद्रे कमी असतात, म्हणून ते पाऊण तासाने बाहेर काढून झाकून ठेवा आणि शेवटी परत घाला, नाहीतर लाकडाच्या ढलपीसारखं होतं. मांडीत काटा खुपसून हलकेच पिळला आणि मांस हाडापासून सुटलं की झालं.

कुकरमध्ये करायचं तर शिट्ट्या मोजू नका, कारण शिट्टी आचेवर अवलंबून असते. वाफ धरली की आच मंद करून तरुण कोंबडीला 20 मिनिटं, म्हातारीला 35 ते 40. मग वाफ आपोआप जाऊ द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली तर आतलं पाणी एकदम उसळतं आणि मांस दोऱ्यासारखं सुटतं.

मटणाचे भाग

मान, खांदा आणि नळी यांना रस्सा हाच न्याय, मंद आचेवर दोन ते अडीच तास. चाप कोवळ्या जनावराचे असतील तरच तव्यावर जोरदार आचेने प्रत्येक बाजूला तीन-चार मिनिटं भाजा. वय माहीत नसेल तर चापही रश्श्यातच घाला. रानेचा, म्हणजे मागच्या मांडीचा, मोठा तुकडा भाजला तर बाहेर काढून पंधरा मिनिटं झाकून ठेवल्याशिवाय कापू नका. कोंबडी आतून 74 अंशांना, मटणाचा खिमा आणि कलेजी 71 अंशांना पोहोचली की सुरक्षित. थर्मामीटर जवळ ठेवणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण शेतावरच्या गडद मांसाचा रंग डोळ्यांना फसवतो.

हाडं आणि चरबी

एक किलो हाडांना दोन लिटर गार पाणी. गार पाण्यातूनच सुरुवात केली की फेस हळूहळू वर येतो आणि काढता येतो. कोंबडीच्या हाडांना तीन-चार तास, मटणाच्या हाडांना सहा-आठ, तेही मंद आचेवर. उकळलं की चरबी पाण्यात मिसळून सूप गढूळ होतं. गाळून झाल्यावर मोठं पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकलू नका, मध्यभाग कित्येक तास कोमट राहून आंबतो. उथळ भांड्यांत ओतून थंड पाण्यात ठेवा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या. सकाळी सूप थरथरणारं घट्ट दिसलं तर काम चांगलं झालंय.

पोटातली पिवळी चरबी टाकू नये. बारीक चिरून अर्धी वाटी पाण्याबरोबर मंद आचेवर ठेवा. पाणी असेपर्यंत ती जळत नाही. तडतड थांबून कुरकुरीत कण तळाशी बसले की गाळा. भाज्या परतायला यासारखं दुसरं काही नाही.

कडधान्य, पीठ, तांदूळ, अंडी

कडधान्य शिजत नाही याची मुख्य कारणं दोन: दाणा जुना असतो किंवा पाणी जड असतं. जड पाण्यातला चुना दाण्याची साल घट्ट करतो. एक लिटर पाण्यात 15 ग्रॅम मीठ घालून रात्रभर भिजवलं, सकाळी ते पाणी ओतून दिलं की सालं नरम होतात. टोमॅटो, चिंच किंवा दुसरं आंबट दाणा पूर्ण मऊ झाल्यावरच घाला. राजमा भिजवून, पाणी बदलून निदान दहा मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे. मंद आचेच्या भांड्यात कच्चाच टाकला तर त्यातलं विष जात नाही आणि उलट्या होतात.

नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, नेहमीपेक्षा वाटीमागे दोन-तीन चमचे कमी घालून पाहा. दळून आणलेलं पीठ गरम असतं, ते उघडं ठेवून निववा आणि मगच डबा बंद करा. कोंड्यासकट पिठातल्या अंकुराच्या तेलाला खवट वास लवकर येतो, म्हणून दोन-तीन आठवडे पुरेल एवढंच दळा. धान्याचा दाणा दाताखाली कट्कन फुटला तर वाळलेला आहे, दबला तर आणखी ऊन द्या. किडीची शंका असेल तर पिशवी चार दिवस उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवली की अंडीही मरतात.

शेतावरची अंडी न धुता ठेवावीत, कवचावरचा नैसर्गिक थर जंतूंना अडवतो. वापरायच्या आधी पुसा किंवा धुवा, आणि एकदा धुतलेलं अंडं फ्रीजमध्येच ठेवा. अगदी ताजं अंडं उकडलं की सोलताना पांढरा भाग कवचाला चिकटून फाटतो. आठवडाभर जुनी अंडी उकडायला घ्या, ताजी ऑम्लेटला. ताजीच उकडावी लागली तर थंड पाण्यात न ठेवता आधीच उकळत्या पाण्यात सोडा आणि शिजल्यावर लगेच गार पाण्यात टाका.