मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी चोवीस तासांची लघवी अशी गोळा करा
जळगावच्या लॅबमध्ये रावेर-यावलहून पेशंट घेऊन येणाऱ्यांना मी हे समोर बसवून सांगते. सकाळी सातची लघवी टाकून द्या. वेळ तिथून मोजायची. पुढची प्रत्येक लघवी, रात्रीचीसुद्धा, कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी सातची शेवटची. एखादी चुकली तर लपवू नका, नव्याने सुरू करा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपाशी जातो, म्हणून कॅन फ्रिजमध्येच ठेवा.

एवढा आटापिटा कशासाठी? प्रतिपिंडात, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या प्रथिनात, दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या असतात. प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशीत त्या रायबोसोमवर (प्रथिने बनवणाऱ्या कणांवर) वेगवेगळ्या तयार होतात, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये (पेशीतल्या जाळीत) जुळतात आणि गॉल्जीतून (पेशीच्या पॅकिंग विभागातून) बाहेर पडतात. निरोगी पेशीही हलक्या साखळ्या थोड्या जास्तच बनवतात. मायलोमा म्हणजे याच पेशींचा कर्करोग; त्यात मात्र कप्पा किंवा लॅम्डा, यांपैकी एकाच जातीच्या हलक्या साखळ्या अतोनात वाढतात. काही पेशंटमध्ये तर जड साखळी बनतच नाही. हलकी साखळी जेमतेम 25 किलोडाल्टनची, म्हणजे अगदी लहान. ती मूत्रपिंडातून लघवीत गळते, तिथल्या बारीक नळ्या तुंबवते. म्हणून ती लघवीत शोधायची.

लघवीची साधी पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन हे रक्तातले वेगळे प्रथिन ओळखते, हलक्या साखळ्या नाही. तेव्हा रिपोर्टवर ‘प्रोटीन निल’ (प्रथिन नाही) वाचून निर्धास्त होऊ नका, काकू. या साखळ्या वेगळ्या करून ओळखणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस आणि इम्युनोफिक्सेशन या चाचण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंड जपायचे, म्हणून अंगदुखीची गोळीसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका.