पिकअपसाठी ऑल-टेरेन टायर निवडताना

घोडबंदर रस्त्यावर रोज धावणाऱ्या आणि शनिवार-रविवारी माळशेजकडे जाणाऱ्या पिकअपला ऑल-टेरेन टायर हवेत की नाहीत, हे आधी ठरवावे. कारण हे टायर दगडधोंडे व कच्च्या वाटेवर टिकाव धरत असले, तरी डांबरी रस्त्यावर ते अधिक आवाज करतात आणि इंधनही थोडे जास्त लागते. वर्षातून एखाद्याच वेळी चिखलात उतरणाऱ्याने, माझ्या मते, हायवे टायरवरच समाधान मानावे.

टायरच्या बाजूवर २६५/६० आर १८ असे लिहिलेले असल्यास रुंदी २६५ मिलिमीटर, टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १८ इंची असते. हौसेने ६० ऐवजी ६५ घेतल्यास व्यास सुमारे २६ मिलिमीटरने वाढतो, त्यामुळे स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागतो आणि पूर्ण वळणावर टायर आतल्या बाजूस घासण्याचा संभव असतो. भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो हे सांगणारा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी कधीही घेऊ नये. ११० म्हणजे प्रत्येक टायरला १०६० किलो.

आपल्याकडील पावसासाठी टायरच्या रबरी ठोकळ्यांवर बारीक चिरा असलेली नक्षी पाहावी, कारण ओल्या रस्त्यावरची पकड बऱ्याच अंशी त्यांवर अवलंबून असते. टायर बर्फात चालण्याजोगा असल्याचे सांगणाऱ्या चिन्हासाठी जादा पैसे मोजण्याची ठाण्यात गरज नाही. उत्पादनाचा चार अंकी शिक्काही तपासावा: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. चारही टायर एकदम बदलावेत आणि त्याच वेळी चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. स्टेपनीही त्याच मापाची असावी.