जुन्या लॅपटॉपची दुखणी: आधी धूळ, मग बायोस

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. त्या दिवसांत जुना लॅपटॉप अचानक बंद पडू लागला, तर पहिला संशय पंख्यावर घ्यावा. मागचे झाकण उघडण्यापूर्वी चार्जर काढावा, उघडताच बॅटरीची जोडणी सोडवावी आणि पंख्याचे पाते बोटाने धरून जाळीतली धूळ ब्रशने झाडावी. प्रोसेसरवरची, त्याची उष्णता बाहेर वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली असेल, तर ती पुसून नवी लावावी.

लॅपटॉप सुरू करताना दर वेळी तारीख मागे गेलेली दिसत असेल, तर मदरबोर्डवरचा, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डवरचा, सेल बदलावा. तो बहुधा सीआर २०३२ जातीचा, ३ व्होल्टचा असतो. काहींत त्याला वायर आणि प्लग असतो, तिथे तसाच तयार सेल घ्यावा, वायरला स्वतः डाख देण्याच्या (सोल्डरिंगच्या) फंदात पडू नये.

बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) अपडेट सर्वांत शेवटी, आणि केवळ नवी आवृत्ती आली म्हणून तर मुळीच नको. बॅटरी दमलेली असताना लोडशेडिंगच्या वेळेत हे काम हाती घेऊ नये, कारण अर्धवट लिहिलेल्या बायोसमुळे लॅपटॉप सुरूच होईनासा होऊ शकतो. मॉडेल क्रमांक जुळवून फाइल कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावी. बिटलॉकर (विंडोजमधला डिस्कला कुलूप लावणारा प्रोग्राम) चालू असल्यास तो तात्पुरता थांबवून ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी.