घरची भाषा तेलुगू, वर्गाची मराठी: एकच गोष्ट दोनदा उघडा

सोलापूरच्या पूर्व भागातील शाळांत पद्मशाली कुटुंबांतून येणारी अनेक मुले घरी तेलुगू बोलतात आणि मराठी वाचू लागली, तरी नामाच्या लिंगापाशी हमखास अडखळतात. तेलुगूत निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग असा भेद नसतो. त्यामुळे तेलुगूतली ‘कुर्ची’ मराठीत ‘खुर्ची’ म्हणून सहज ओळखू येते, परंतु वाक्य मात्र ‘खुर्ची मोडला’ असे होते. (याला निष्काळजीपणा समजून लाल शाई वापरण्यात अर्थ नाही.)

अशा वर्गासाठी ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेचे ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ फार उपयोगी आहे, कारण तेथे अनेक चित्रकथा मराठी व तेलुगू या दोन्ही भाषांत विनामूल्य मिळतात. आधी तेलुगू आवृत्ती घ्यावी. तिची लिपी मुलांना वाचता येत नसल्यास घरच्या कोणाकडून ती वाचून घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मराठीत वाचताना कथानक ठाऊक असल्याने मुलांचे सारे लक्ष भाषेकडे राहते. मग प्रत्येक चित्रातील वस्तूवर बोट ठेवून ‘तो, ती की ते’ एवढेच विचारावे आणि उत्तर क्रियापदासह म्हणवून घ्यावे: ‘खुर्ची मोडली’, ‘दगड पडला’.

पीडीएफ आदल्या दिवशीच उतरवून ठेवावी, कारण ऐन तासाला नेट रुसते. या कथा मुक्त परवान्याखाली असल्याने लेखक-चित्रकारांचा नामोल्लेख ठेवून त्यांच्या छापील प्रतीही वाटता येतात.