ऑक्सिजन चेंबरच्या 40 सिटिंग : जाण्याआधी एवढं बघा

मला मधुमेह आहे. माझ्या उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी जखम झाली होती. दुखली नाहीच, मोज्यावरचा डाग पाहून कळलं. महिनाभर ड्रेसिंग करूनही भरेना, संसर्ग हाडापर्यंत पोचला, तेव्हा डॉक्टरांनी चेंबर सुचवलं, म्हणजे वाढवलेल्या दाबात शुद्ध ऑक्सिजन देणारी बंद पेटी.

आधी पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या. मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर आधी तिचा बंदोबस्त. छाती, कान, चालू औषधं हेही दाखवा. फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठली असेल आणि त्यावर उपचार झाले नसतील, तर चेंबरमध्ये जाताच येत नाही.

आत दाब नेहमीच्या दोन ते अडीच पट, आणि श्वासाला शुद्ध ऑक्सिजन. तो रक्ताच्या पाण्यातच जास्त विरघळतो आणि एरवी उपाशी राहणाऱ्या जखमेपर्यंत पोचतो. एक सिटिंग साधारण 90 मिनिटांची, आठवड्यात पाच दिवस.

खरी परीक्षा कानांची. दाब वाढायला लागला की दडे बसतात. दुखायची वाट बघू नका, सुरुवातीपासूनच आवंढा गिळत राहा, नाहीतर नाक चिमटीत धरून अगदी हलकेच फुंका. तिसऱ्या दिवशी मला सर्दी होती आणि मी ती लपवली. निम्म्या वाटेतच कानात सुई टोचल्यासारखं झालं, काचेवर हात आपटले, दाब उतरवावा लागला. सर्दी असेल तर सांगून टाका. एक दिवस बुडाला तरी चालतो.

आत असताना साखर उतरू शकते. म्हणून खाऊन जा आणि शिरण्याआधी तपासायला लावा.

कपडे तिथलेच, सुती. तेल, क्रीम, अत्तर, मोबाइल, काही नको. इतक्या ऑक्सिजनमध्ये एक ठिणगीही पुरते. मी केसांना तेल लावून गेलो तर नर्सबाईंनी परत धुवायला पाठवलं. तेव्हा राग आला होता.

तीसेक सिटिंग झाल्यावर लांबचं धूसर दिसायला लागलं. नवा चष्मा करू नका. बहुतेकांची नजर काही आठवड्यांत पूर्ववत होते, माझीही झाली.

सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. आणि चेंबर दिवसातले दीडच तास. उरलेला वेळ जखमेवर भार न देणं हे आपलं काम. डॉक्टर मेलेली कातडी खरवडून काढायचे, ड्रेसिंग व्हायचं, आणि मी भार काढणारा बूट घालूनच रात्री संडासालाही जायचो. चार पावलांसाठी तो बांधायचा कंटाळा यायचा, पण बांधायचो.