कादंबरीवर मुलांची चर्चा घेताय? या चुका टाळा

‘यंदा कादंबरी आपण शिकवायची नाही, मुलांनीच चर्चा करायची,’ असं बारावीला इंग्रजी शिकवणारे अनेक जण जूनमध्ये ठरवतात आणि दिवाळीपर्यंत सोडूनही देतात. ज्यूल व्हर्नची ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ या कामाला उत्तम आहे. फिलियस फॉग नावाचा इंग्रज पैजेसाठी ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारतो, ती ही गोष्ट. ३७ छोटी प्रकरणं, गोष्टीला वेग आणि वाटेत मुंबई, अलाहाबाद, कलकत्ता. तरी तास फसतात, आणि दर वर्षी त्याच त्या जागी फसतात.

सगळ्यात महागात पडतो तो चुकीचा प्रश्न. साताऱ्याजवळच्या एका ज्युनियर कॉलेजातला तास बघा. सत्तरचा वर्ग, बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर प्रश्न: ‘फॉगचा स्वभाव सांगा.’ पहिली मुलगी म्हणाली ‘पंक्च्युअल’, दुसरा म्हणाला ‘काम’ (calm, शांत), तिसरी ‘जनरस’. तिन्ही शब्द गाईडमधले, क्रमसुद्धा गाईडचाच. चौथ्याला बोलायला काही उरलं नाही. दहाव्या मिनिटाला बाईंनी खडू उचलला आणि पुढचा अर्धा तास व्याख्यान झालं. स्टाफरूममध्ये निष्कर्ष निघाला की आपल्या पोरांना इंग्रजीत बोलताच येत नाही. पोरांचा यात काडीचा दोष नव्हता. एका विशेषणात संपणाऱ्या प्रश्नावर कोणीच चर्चा करू शकत नाही.

त्याऐवजी १२ वं प्रकरण उघडा. बुंदेलखंडाच्या जंगलात आउदा या तरुण विधवेला सती देण्यासाठी नेत आहेत. फॉग म्हणतो, माझ्या हातात बारा तास आहेत, ते हिला वाचवण्यात घालवू. सोबतचा प्रवासी सर फ्रान्सिस याला त्याच्या दिलदारपणाचं नवल वाटतं, तर फॉग उत्तर देतो, ‘कधी कधी, वेळ असला तर.’ आता विचारा: ते बारा तास शिल्लक नसते तर फॉग थांबला असता का? वर्गात लगेच दोन तट पडतात. ‘नाही’ म्हणणाऱ्यांना हे एकच वाक्य पुरतं. ‘हो’ म्हणणाऱ्यांना पानं उलटत अमेरिकेपर्यंत, ३० व्या प्रकरणापर्यंत जावं लागतं. तिथे सू या आदिवासी टोळीच्या हाती सापडलेल्या आपल्या नोकराला, पासपार्तूला सोडवायला फॉग रेल्वेगाडी सोडून जातो आणि वीस तास मागे पडतो. तेव्हा त्याच्याकडे वेळ मुळीच नव्हता.

प्रश्न वर्गात नेण्याआधी एवढंच तपासावं: दोन्ही बाजूंना पुस्तकातलं निदान एकेक पान दाखवता येतं का? येत नसेल तर प्रश्न फेकून द्या. असे चार प्रश्न काढायला रविवारची दुपार जाते. ती वाचवायला इंटरनेटवरून प्रश्न उतरवून आणले, तर मुलंही तिथूनच उत्तरं उतरवून आणतील.

दुसरी चूक जास्त खोलवर रुजलेली आहे: शिक्षकाला शांतता सोसत नाही. प्रश्न टाकल्यावर तीन सेकंदांत आपणच बोलायला लागतो. मनातल्या मनात सावकाश दहापर्यंत मोजा. वर्तुळाच्या बाहेर, मुलांच्या पाठीमागे बसा, म्हणजे ती बोलताना तुमच्या तोंडाकडे बघणार नाहीत. हातात कागद ठेवा, त्यावर मुलांची नावं गोलात लिहा आणि कोणानंतर कोण बोललं याच्या रेघा ओढा. सगळ्या रेघा दोनच नावांकडे जात असतील, तर पुढच्या तासाला प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या द्या. बोललं की एक चिठ्ठी मध्ये टाकायची, संपल्या की ऐकायचं.

शेवटी फॉगला वाटतं आपण पैज हरलो, पण पूर्वेकडून फेरी मारल्याने त्याचा एक दिवस वाचलेला असतो. त्यावर एखादं पोर हमखास विचारतं: पूर्वेकडे जाताना दर रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे ३६० अंशांना पूर्ण एक दिवस मिळाला, हे पटलं, पण सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्कला फॉगने तारीख पाहिली नाही का? तिथल्या गाड्या आणि बोटी तिथल्याच तारखेने सुटणार ना? प्रश्न अचूक आहे, कथानकातली ती खरी फट आहे. ‘गोष्टीसाठी तसं केलंय, पुढे चला,’ एवढं एक वाक्य बोललात की वर्षभर कोणी प्रश्न विचारणार नाही. ‘बाकीच्यांना काय वाटतं?’ म्हणा आणि पुन्हा दहा मोजा.

सत्तर जणांचा एकच गोल करू नका. आत बारा, बाकीचे बाहेर. बाहेरचे चार-पाच जण मिळून आतल्या एकाचे मुद्दे टिपतात. चाळीस मिनिटांच्या तासात तीन मिनिटं पान वाचायला, बारा मिनिटं पहिल्या गटाला, बारा दुसऱ्याला, शेवटची आठ वहीत लिहायला. उरलेली पाच उठण्याबसण्यात जातात.

पहिल्या फेरीत मराठीला बंदी नको. पासपार्तू मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो आणि पुढे कलकत्त्याच्या कोर्टात तेच बूट पुरावा म्हणून टेबलावर येतात. सज्जनगडावर चपला काढून जाणाऱ्या मुलांना यावर पुष्कळ बोलायचं असतं. आधी मुद्दा येऊ द्या, इंग्रजी शेवटच्या आठ मिनिटांत वहीत उतरेल.

‘घरून पुस्तक वाचून या’ यावर विसंबू नका. मेढ्याच्या एसटीने अंधार पडता घरी पोचणाऱ्या मुलाकडून रोज आठ-दहा पानांपेक्षा जास्त होत नाही. बारावीच्या पुस्तकातला उतारा चर्चेला अपुरा पडतो, म्हणून हवी ती प्रकरणं झेरॉक्स करून द्या. मूळ कादंबरी १८७३ ची, तिच्यावर आता कॉपीराइट नाही. मात्र नवं भाषांतर घेत असाल तर त्याचे हक्क बघा.

कोणी फक्त व्हिडिओ पाहून आलंय का, हे ओळखणं सोपं आहे. फॉग फुग्यातून उडाला असं तो सांगेल. तो फुगा सिनेमातला. कादंबरीत फॉग आगगाडी, बोट, हत्ती आणि शिडाची घसरगाडी वापरतो. अशा मुलाला रागावू नका, हत्ती विकत घेतल्याचं ११ वं प्रकरण हातात द्या आणि पाच मिनिटांनी त्याला गोलात परत घ्या.

बोलण्याला गुण ठेवू नका. वहीतल्या आठ मिनिटांच्या लिखाणाला ठेवा, आणि त्यात प्रकरणाचा क्रमांक नसेल तर वही परत करा.