मोनॅकोचा एक दिवस, छोट्या सॅकसह

तयारी आदल्या रात्री, शेजारच्या फ्रान्समधल्या नीस शहरातच उरकायची. मोनॅकोत मुक्काम शोधण्यात वेळ घालवू नका. जेमतेम दोन चौरस किलोमीटरच्या त्या देशात आपल्या खिशाला परवडेल अशी खाट मला तरी कधी सापडली नाही. नीसच्या रेल्वे स्टेशनच्या आसपास हॉस्टेलं आहेत, तिथल्या डॉर्ममध्ये राहा. मोठी सॅक तिथेच लॉकरमध्ये ठेवा आणि त्यासाठी घरून एक छोटं कुलूप आणा. मोनॅको डोंगराच्या उतारावर चढत गेलेलं शहर आहे. पहिल्या वेळी मी पंधरा किलोंचं ओझं पाठीवर घेऊन तिथे उतरले आणि दुपारपर्यंत समुद्राकडे बघायचंही त्राण उरलं नाही. सोबत फक्त छोटी सॅक हवी, तीही मोनॅकोच्या रेल्वेगाडीत आणि फलाटावर पोटाशी धरलेली, कारण पर्यटकांनी भरलेल्या त्या गाडीत पाकीटमार असतात.

सॅकमध्ये सगळ्यात आधी पंचा. टॉवेल नको, तो जड होतो आणि संध्याकाळपर्यंत ओला राहतो. सुती पंचा अर्ध्या तासात वाळतो, अंथरता येतो, उन्हात डोक्यावर घेता येतो आणि चर्चमध्ये शिरताना खांद्यावर ओढता येतो. पोहायचे कपडे आतून घालूनच निघा. वरून हलका, पण नीटनेटका सुती कुर्ता किंवा शर्ट घाला, आणि एक कोरडा जोड वेगळ्या पिशवीत ठेवा. मोनॅकोत किनारा सोडून रस्त्यावर उघड्या अंगाने किंवा अनवाणी फिरायला मनाई आहे, हे मुलांनी विशेष लक्षात ठेवावं. किनाऱ्यावर आपल्या कोकणासारखी मऊ पुळण नाही, गोटे आणि खडी आहे. म्हणून चालायला बूट आणि पाण्यात उतरायला मागे पट्टा असलेली रबरी चप्पल, दोन्ही हवीत. टोपी आणि सनस्क्रीन घ्या. पाण्याची लिटरभराची बाटली हॉस्टेलच्या नळावरच भरून घ्या, ते पाणी पिण्याजोगं असतं.

कागदपत्रांत पासपोर्ट स्वतःजवळ हवा. फ्रान्सचा शेंगेन व्हिसा असला की मोनॅकोसाठी वेगळा लागत नाही आणि सीमेवर कुणी थांबवत नाही, पण ओळख विचारली तर दाखवता यायला हवी. कॅसिनोच्या खेळघरात जायचं असेल तर ती लागतेच, वयही अठरा पूर्ण हवं. फोनचं मात्र आधी बघा. मोनॅको युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे युरोपभर चालणारं सिम किंवा ई-सिम तिथे वेगळे पैसे लावू शकतं. तुमच्या प्लॅनमध्ये मोनॅकोचं नाव नसेल तर नकाशा रात्रीच वायफायवर उतरवून घ्या आणि गाडीत बसल्यावर रोमिंग बंद करा.

खाण्याची तयारी तर मुंबई-पुण्यातूनच सुरू होते. पेढे, तूप, चीज, मांसाचे पदार्थ बॅगेत भरू नका. भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत. शेंगदाण्याची कोरडी चटणी, मेतकूट, तेलावरचा खाकरा न्या. नीसच्या सुपरमार्केटमधून रात्री एक लांब पाव, टोमॅटो आणि जर्दाळू घ्या. त्या पावात शेंगदाण्याची चटणी आणि टोमॅटोच्या चकत्या भरल्या की दुपार निघते. शाकाहारी असाल तर दोन पदार्थांपासून सावध राहा. पिसालादिएर वरून नुसती कांद्याची पोळी दिसते, पण तिच्यात अँचोव्ही ही खारवलेली बारीक मासळी असते. पां बान्या या भरल्या पावात ट्यूना असतो. ‘सां पोआसों, सां व्यांद’, म्हणजे मासे नको, मांस नको, हे पाठ करून ठेवा आणि त्याआधी ‘बोंझूर’ म्हणायला विसरू नका. इथे ते म्हटल्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही. बिनधास्त खावी ती सोका: हरभऱ्याचं पीठ, पाणी आणि ऑलिव्हचं तेल, भट्टीत भाजलेलं. पहिला घास घेतला तेव्हा मला आईचं बेसनाचं धिरडं आठवलं आणि डोळे भरून आले. घर सोडून तीन आठवडे झाले होते.

गाडीचं तिकीट चढण्याआधी काढायचं. नीस ते मोनॅको पंचवीस मिनिटांच्या आत, जाऊन-येऊन साधारण दहा युरो. जाताना उजवीकडची खिडकी धरा. व्हिलफ्रांश, बोल्यू, एझ अशी स्टेशनं जातात आणि बोगद्यांच्या मधे समुद्र अचानक उघडतो. कॅसिनो १८६३ साली सुरू झाला, पण इथे रेल्वे पोहोचली १८६८ साली, आणि त्यानंतरच माणसांची रीघ लागली. आजही आपल्यासारख्यांना हाच रस्ता सोयीचा आहे. स्टेशन जमिनीखाली आहे आणि त्याला अनेक दारं आहेत, तेव्हा कुठल्या दाराने बाहेर पडायचं हे नकाशावर आधी ठरवा. शहरातल्या सार्वजनिक लिफ्ट आणि सरकते जिने फुकट आहेत. त्यांच्या जागाही खूण करून ठेवा, गुडघे दुवा देतील.

वेळापत्रकात एकच ठोका पक्का ठेवा: राजवाड्यापुढचा पहारा ११ वाजून ५५ मिनिटांनी बदलतो. त्याआधी प्लास द आर्म या चौकातल्या कोंदामिन बाजारात नाश्ता. तिथे बारबाजुआं मिळतात, पालेभाजी आणि चीज भरून तळलेल्या करंज्यांसारखे, दोन-तीन पुरतात. मग चढण चढून राजवाड्याच्या खडकावर जा. हॉलिवूडची नटी आणि पुढे मोनॅकोची राजवधू झालेल्या ग्रेस केलीची समाधी असलेलं कॅथेड्रल बघायला पैसे लागत नाहीत, पण खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. तिथे पंचा कामी येतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर एकाच ठिकाणी करा, समुद्र संग्रहालयात. राजे आल्बेर पहिले यांनी ते उभारलं, १९१० साली ते उघडलं, आणि समुद्रसंशोधक झाक कुस्तो १९५७ ते १९८८ त्याचे संचालक होते. सरळ समुद्रातून वर आलेल्या कड्यावर ती इमारत उभी आहे. तिकीट महाग आहे, तेवढ्यात दिवसभराचं जेवण होईल. तरीही मी ते काढलं आणि पुन्हा काढेन. कॅसिनोसमोरच्या मोटारी बघत ताटकळण्यापेक्षा संग्रहालयातल्या मत्स्यालयाच्या काचांपुढचा एक तास मला कितीतरी मोलाचा वाटला. मोटारींची आवड असेल तर ग्रां प्री या मोटारशर्यतीचा ३.३३७ किलोमीटरचा मार्ग पदपथावरून चालत बघा. तो शहराचा रोजचाच रस्ता आहे. मात्र शर्यतीच्या आधीचे काही आठवडे टाळा. तेव्हा सगळीकडे कठडे आणि बाकांचे मांडव उभे राहतात आणि समुद्रही दिसेनासा होतो.

दुपारनंतरचा वेळ लार्वोतोच्या किनाऱ्यासाठी राखा. खाजगी क्लबांच्या खाटांच्या रांगा पाहून परत फिरू नका. त्यांच्या शेजारचा किनारा सर्वांचा आहे, तिथे आपला पंचा अंथरा. अंग धुवायला सार्वजनिक शॉवर आहेत. पाणी मात्र तेच आहे, भाड्याच्या खाटेवरून उतरणाऱ्यालाही आणि तुम्हालाही. एकटे असाल तर पासपोर्ट आणि पैशांसाठी पाण्यात नेता येईल अशी जलरोधक पिशवी गळ्यात हवी. नाहीतर सगळा वेळ मान वळवून सॅककडे बघण्यात जातो. जवळच जपानी बाग आहे, तीही फुकट. केस वाळेपर्यंत तिथे सावलीत बसता येतं.

परतीच्या गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण संध्याकाळी फोन हमखास मान टाकतो. शेवटच्या गाडीवर विसंबू नका, तिच्या आधीची धरा. आणि पावाचा एक तुकडा मुद्दाम शिल्लक ठेवा: बंदराच्या धक्क्यावर बसून तो खाताना पुढ्यात दिवे लागत जातात.